बारा नंबरचा धडा

एकोणीसपैकी एकही धडा उघडेना, तेव्हा मिस्त्रींनी कॉम्प्युटरची वायर भिंतीतून उपटली, दहापर्यंत आकडे मोजले आणि पुन्हा लावली.

"आता बघ," ते लेकीला म्हणाले.

लेकीने पहिल्या धड्यावर दोनदा टिचकी मारली. काळी खिडकी उघडली. मधोमध एक चक्र फिरू लागले, बराच वेळ फिरले, आणि मग खिडकी आपणहून मिटली. तिच्या जागी एक नम्र पाटी आली. काहीतरी अडचण आल्यामुळे हा कार्यक्रम बंद करावा लागत आहे, क्षमस्व.

"कसली अडचण ते सांगत नाही," मिस्त्री म्हणाले. "आमच्या लिफ्टमध्ये असलं चाललं नसतं. दोन मजल्यांच्या मध्ये अडकलेल्या माणसाला ‘काहीतरी अडचण आहे, क्षमस्व’ असं सांगून बघ एकदा. बाहेर आल्यावर पहिली तुझी अडचण करेल."

मिस्त्री म्हणजे लिफ्टमिस्त्री. अडतीस वर्षे त्यांनी बंद पडलेल्या लिफ्ट चालू केल्या आणि अडतीस वर्षे एकच नियम पाळला. काम संपले की आधी वीज तोडायची, मग हात बाहेर काढायचा. हा नियम पुस्तकातला नव्हता. नोकरीच्या दुसऱ्याच वर्षी कोणीतरी वीज तोडायला विसरले होते आणि मिस्त्रींच्या डाव्या तर्जनीचे एक पेर मोटारीत राहून गेले होते. तेव्हापासून इस्त्री असो, मिक्सर असो, टेबलफॅन असो, ते बटणावर विसंबत नसत. "बटण म्हणजे नुसतं आश्वासन," ते म्हणत. "वायर हातात आली की खात्री."

घराची पुढची खोली मात्र त्यांची नव्हती. तिथे त्यांची बायको कपडे शिवत असे. सगळी गल्ली तिला बाई म्हणायची. सरळ अंगाची माणसे बाईंकडे फारशी येत नसत. त्यांच्यासाठी दुकाने भरलेली होती. बाईंकडे यायचे ते उजवा खांदा खाली पडलेले, एक हात आखूड असलेले, पाठीला पट्टा बांधलेले, एक कुल्ला वर असलेले. त्यांचे कपडे बाई कागदी बेताशिवाय बेतायच्या. "कागद काढायला दोन अंगं सारखी लागतात," त्या सांगायच्या. "माझ्याकडे एकाच माणसाचे दोन खांदे सारखे नसतात. कागद कुणाचा काढू?" त्या माणसाच्या पाठीवरून एकदा हात फिरवायच्या आणि थेट कापडाला कात्री लावायच्या. त्यांनी शिवलेला कोट घातला की वाकडा माणूस सरळ दिसायचा नाही. पण कोट वाकडा दिसायचा नाही, आणि बऱ्याच लोकांना तेवढेच हवे असते.

गेल्या वर्षी त्यांच्या नजरेच्या मधोमध एक करडा डाग येऊन बसला. कडेकडेने दिसे, समोरचे दिसेना. डॉक्टर म्हणाले, वाढू न देणं आपल्या हातात आहे, घालवणं नाही.

"म्हणजे यापुढे सगळ्यांकडे तिरकंच बघायचं का?" बाईंनी विचारले. "मग हरकत नाही. पस्तीस वर्षं ह्यांच्याकडे तसंच बघतेय, सवय आहे."

लेकीने मात्र ते हसण्यावारी नेले नाही. ती पुठ्ठ्याच्या खोक्यांच्या कारखान्यात ऑर्डरी लिहून घ्यायची. तिने ती नोकरी सोडली आणि आईचे दुकान चालवायचे ठरवले. आईचा हात चालतोय तोवर सगळे शिकून घ्यायचे, आणि जे एका बैठकीत शिकता येणार नाही ते व्हिडिओत धरून ठेवायचे. धरून ठेवण्याचे काम मिस्त्रींनी आपण होऊन मागून घेतले. त्यांनी एक जुना कॅमेरा पैदा केला. त्याची बॅटरी फुगलेली असल्यामुळे तो भिंतीच्या वायरवरच चाले, आणि मिस्त्रींना तो त्यामुळेच जास्त भरवशाचा वाटला. एक नोंदवहीही आली. प्रत्येक धड्याला क्रमांक, तारीख, विषय, लागलेला वेळ, आणि शेवटच्या रकान्यात ‘पूर्ण’. एखादा धडा पुन्हा लावून बघावा असे त्यांना कधी वाटले नाही. ‘पूर्ण’ लिहिलेले काम परत उघडणे म्हणजे स्वतःवरच संशय घेणे.

विसाव्या क्रमांकानंतर कॅमेराच गेला. मिस्त्रींनी नेहमीप्रमाणे वायर उपटली, ती जरा जोरात उपटली गेली, आणि वायरीबरोबर कॅमेराही स्टँडवरून निघून अस्तराचे कापड भिजत घातलेल्या टबात पडला. पण धडे कॉम्प्युटरवर चढवलेले होते. कोणाला वाईट वाटले नाही.

त्यानंतर महिन्याभराने बाईंनी एका शर्टाच्या दोन्ही बाह्या डाव्या बेतल्या.

आधी त्या हसल्या. मग त्यांनी कात्री पुसली, फ्लॅनेलच्या तुकड्यात गुंडाळली आणि मशीनच्या खणात ठेवून दिली. "आता व्हिडिओ आहेत ना," त्या लेकीला म्हणाल्या. "त्यात मी चांगली आहे. तिला विचार."

आणि रविवारी घड्याळकाका कापड घेऊन आले.

घड्याळकाका पन्नास वर्षे एका डोळ्याला भिंग लावून खाली वाकून बसले होते, आणि आता उभे राहिले तरी वाकलेलेच राहत. चौकातल्या मनोऱ्यावरच्या मोठ्या घड्याळाला दर आठवड्याला किल्ली तेच देत. त्या घड्याळाच्या जागी आता विजेचे घड्याळ बसणार होते. शनिवारी शेवटची किल्ली, त्यानंतर व्यासपीठावर चार शब्द.

"वहिनी, तयार कोट घालून बघितला," ते म्हणाले. "पुढून गुडघ्याला टेकतो, मागून कमरेवर चढतो. समोरून लोक काय बघायचं ते बघू देत. पण त्या पायऱ्या चढताना माझी पाठ सगळ्यांकडे असणार."

बाईंनी लेकीकडे तिरके पाहिले. "ही शिवेल," त्या म्हणाल्या. "चौदावा धडा वाकलेल्या पाठीचाच आहे."

तर असा तो चौदावा धडा, आणि तो उघडत नव्हता.

सोमवारी लेकीने तोंडी विचारून पाहिले. "आई, पाठीला किती सोडायचं?"

"इतकं," बाईंनी हवेत दोन बोटे धरली.

"इतकं म्हणजे किती? दोन इंच?"

"इंच काय माहीत मला. मग मानेपाशी जरासं असं घ्यायचं, की खालची कड आपोआप बसते."

"असं म्हणजे कसं?"

"अगं, असं!" बाईंचा हात हवेत वळला. मग त्यांनी तो मांडीवर ठेवला. "तोंडाला नाही येत गं ते. हातालाच येतं. म्हणून तर व्हिडिओ काढले."

"मग एकदा करून दाखव."

"मी कात्री धरणार नाही," बाई म्हणाल्या.

मंगळवारचा दिवस सल्ल्यांचा. लेकीच्या जुन्या कारखान्यातल्या मैत्रिणीने सांगितले, प्लेअर बदल. मिस्त्रींनी दुसरा प्लेअर उतरवला. तो पहिल्यापेक्षा चपळ होता. चक्र न फिरवताच पडला. तिसऱ्याने पडताना सगळा कॉम्प्युटरच बरोबर नेला. वरच्या मजल्यावरचे गृहस्थ म्हणाले, प्लेअरला फाईलची भाषा कळत नसेल, तिचा दुभाष्या वेगळा टाकावा लागतो. दुभाष्या टाकला. तो आल्यापासून आधी उघडणारी चित्रेही उघडेनाशी झाली. संध्याकाळपर्यंत सात प्लेअर जमले. मिस्त्रींनी प्रत्येकाचे नाव, पडण्याची वेळ आणि पडण्याची पद्धत वहीत लिहिली होती.

"अजून चार आणा," बाई खुर्चीतून म्हणाल्या. "मैदानात उतरवता येतील."

"तू गंमत कर. मी पद्धतशीर चाललोय."

"चाललाय खरं. कुठे ते विचारलं मी."

बुधवारी मिस्त्रींनी सगळा कॉम्प्युटर चादरीत बांधला आणि लेकीला घेऊन दुरुस्तीच्या दुकानात गेले. दुकान एका चष्म्यातल्या बाईचे होते. एका हाताने चहा पीत दुसऱ्या हाताने ती पाच मशिने चालवत होती. तिने धड्यांपैकी एक फाईल उघडून नव्हे, उसवून पाहिली. पडद्यावर नुसत्या आकड्यांचा पाऊस पडला. ती तळापर्यंत गेली आणि थांबली.

"आत सगळं आहे," ती म्हणाली. "पण शेवट नाहीये."

"शेवट आहे," मिस्त्री म्हणाले. "वहीत ‘पूर्ण’ लिहिलंय."

"कॅमेरा आधी नुसतं भरत जातो, काका. पोत्यात भरल्यासारखं. कुठलं चित्र कुठे ठेवलंय याची यादी तो अगदी शेवटी लिहितो, बंद करायचं बटण दाबल्यावर. प्लेअर आत शिरला की आधी ती यादी शोधतो. सापडली नाही की गडबडतो आणि पडतो."

"म्हणजे मजल्यांचे आकडेच नसलेली लिफ्ट."

"अगदी तशीच. तुम्ही रेकॉर्डिंग बंद कसं करायचा?"

प्रश्न विचारल्याचा मिस्त्रींना आनंद झाला. अडतीस वर्षांत कुणी मुद्दाम विचारले नव्हते. "असं," ते म्हणाले, आणि त्यांनी खाली वाकून काउंटरमागची वायर उपटली.

ती वायर त्यांना वाटली तशी दिव्याची नव्हती. तिच्यावर त्या बाईचा स्वतःचा कॉम्प्युटर होता. पडदा काळा झाला.

"कळलं," ती बाई शेवटी म्हणाली आणि तिने चहाचा कप खाली ठेवला. "एकोणीस वेळा?"

"नियम आहे," मिस्त्री म्हणाले, पण फार हळू.

दुकानवाली भली होती. पुन्हा सगळे सुरू केल्यावर तिने सांगितले की उपाय नाही असे नाही. त्याच कॅमेऱ्याने काढलेली, नीट बंद केलेली एक धड फाईल मिळाली, तर तिच्या यादीचा नमुना घेऊन बाकीच्यांची यादी लिहिता येते. दहा सेकंदांची असली तरी चालेल.

"कॅमेरा टबात पडला," लेक म्हणाली.

"मग आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून आणू मी?"

घरी येताना मिस्त्रींनी चादरीतला कॉम्प्युटर एकट्यानेच उचलला. दोन चौक गेले. तिसऱ्या चौकात मनोऱ्यावरचे घड्याळ दिसले तेव्हा ते थांबले आणि आपल्या डाव्या हाताच्या आखूड बोटाकडे पाहू लागले.

"या बोटानं मला एकच गोष्ट शिकवली होती," ते म्हणाले. "तिनंच घात केला."

लेकीने चादरीचे एक टोक आपल्या हातात घेतले.

संध्याकाळी मिस्त्री खिडकीशी बसले आणि लेक नोंदवही चाळत बसली. दहा, अकरा, तेरा. तिने बोट मागे नेले. अकरा, तेरा.

"बाबा, बारा नंबर कुठंय?"

"कॅमेऱ्यानं आकडा गाळला. कडेला लिहिलंय बघ. ‘यंत्राची चूक.’"

"यंत्र आकडा गाळत नाही. बारा नंबरला काहीतरी काढलं गेलंय, आणि तुम्ही फक्त वहीतले नंबर कॉम्प्युटरवर चढवलेत."

"ज्याची नोंद नाही, ते काम झालेलंच नाही."

कोपऱ्यात बाई बटणे निवडत होत्या. चार भोकांची एकीकडे, दोन भोकांची दुसरीकडे. ते बोटांना कळते. त्यांची बोटे थांबली. "मी जरा पाणी ठेवते," त्या म्हणाल्या आणि बटणांचा डबाच उचलून स्वयंपाकघरात गेल्या. बटणे घेऊन पाणी ठेवायला कोणी जात नाही. लेक मागोमाग गेली.

"आई. बारा नंबर तू काढलास."

"हळू बोल."

"कॅमेऱ्यातलं कार्ड कुठंय?"

बाईंनी डब्यात हात घातला. पितळी बटणांच्या तळातून नखाएवढे काळे कार्ड निघाले. ते त्यांनी मुठीत मिटले.

"ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू? आहे माझ्याकडे. पण ते ह्यांच्यासमोर लागायला नको."

"का? काय आहे असं त्यात?"

बाईंनी भांड्यात पाणी घातले, ते ओतून दिले, पुन्हा घातले. "काही गोष्टी अशा असतात बघ. चालू असतात तोवर छान चालू असतात. आपण उघडून बघितल्या की बंद पडतात. तुझ्या त्या फायलींसारख्या."

बाहेरून खुर्चीचा आवाज आला नाही, खोकल्याचा नाही. इतके गप्प बसलेले मिस्त्री त्या घराला माहीत नव्हते. बाईंनी कान देऊन ती शांतता थोडा वेळ ऐकली.

"घड्याळकाकांचा कोट शनिवारी ना?" त्यांनी विचारले.

"शनिवारी."

त्यांनी मूठ उघडली.

गुरुवारी सकाळी तिघेही कॉम्प्युटर घेऊन दुरुस्तीच्या दुकानात गेले. मिस्त्रींना घरी ठेवायचा प्रयत्न लेकीने केला; पण आपण बिघडवलेले दुसरा दुरुस्त करत असताना घरी बसण्याइतके ते निर्लज्ज नव्हते. चष्म्यातल्या बाईने त्यांना पाहताच आपली खुर्ची वायरीच्या समोर सरकवली. मग कार्ड घातले, बारा नंबरवर टिचकी मारली, आणि मोठ्या पडद्यावर दुपार उगवली.

पुढच्या खोलीतले टेबल. टेबलापाशी मिस्त्री, अर्धवट पाठमोरे. जीभ दातांत धरलेली. डाव्या हाताच्या आखूड बोटाला सुई धरता येईना, म्हणून ती त्यांनी लिफ्टच्या कामातल्या छोट्या पकडीत धरली होती, आणि उजव्या हातातला दोरा नेढ्याच्या शेजारून पुन्हा पुन्हा पलीकडे जात होता.

"ये," पडद्यावरचे मिस्त्री सुईला म्हणत होते. "ये गं बाई. हां. हां. कुठं चाललीस? इकडे ये. सहा माणसांची लिफ्ट दोऱ्यावर तोलली मी, आणि तू मला एवढ्याशा भोकात..." दोरा आत गेला. त्यांनी श्वास सोडला. सुई सुयांच्या छोट्या उशीत खोचली. मग दुसरी. उशीत डावीकडे पांढऱ्या दोऱ्याच्या, मग राखी, मग निळ्या, अगदी उजव्या कडेला काळ्या; न बघता हात घातला तरी हवा तो रंग सापडेल अशा ओळीत. "काळ्या जरा जास्तच लागतात हिला," ते स्वतःशी म्हणाले आणि आणखी तीन ओवल्या. त्यांना नऊ मिनिटे लागली. शेवटी उशी होती तिथे, होती तशी सरकवून ठेवली, पकड खिशात टाकली, इकडेतिकडे पाहिले आणि शीळ घालत उठले.

मग टिक् असा स्वच्छ आवाज आला आणि चित्र थांबले.

"एकदम धड फाईल," चष्म्यातली बाई म्हणाली. तिने चष्मा काढून पुसला. तो स्वच्छच होता.

लेकीला इतके दिवस वाटत होते की सुया आई ओवते. गल्लीतल्या बायकांना बाई सांगायच्या की लेक ओवते. मिस्त्री या विषयावर कधी बोलत नसत. सुई-दोरा हे काही इंजिनीअरिंग नाही, असे त्यांचे जुने मत होते.

ते पडद्याकडेच पाहत राहिले. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

"हे कोणी काढलं?" त्यांनी विचारले.

"मी," बाई म्हणाल्या. "रोज दुपारी मी पडले की पुढच्या खोलीत तुमची खुडबुड चालायची. मला धड दिसेना काय चाललंय. कॅमेरा उभाच होता. म्हटलं, नंतर डोळ्याच्या कोपऱ्याशी धरून बघीन."

"आणि बंद कशानं केलंस?"

"बटणानं."

"बटणानं," मिस्त्री म्हणाले. मग बऱ्याच वेळाने, "हं."

दुपारपर्यंत एकोणीस धड्यांना एकोणीस शेवट मिळाले. घरी आल्याआल्या लेकीने चौदावा लावला. चक्र फिरले नाही, पाटी आली नाही. पडद्यावर बाई आल्या.

म्हणजे बाईंचा चेहरा आला.

लेक वाट पाहत राहिली. चेहरा बोलत होता, "हे बघ, आता हे इथून असं घ्यायचं... आणि मग इतकंच सोडायचं..." खालून कुठूनतरी कापडाची सळसळ आली, कात्रीची कचकच आली. चेहरा पडद्यावरून हलला नाही. लेकीने पुढे सरकवले. चेहरा. तिने तिसरा धडा लावला, सातवा लावला, एकोणिसावा लावला. चाळीस चाळीस मिनिटे, उत्तम उजेडात, बाईंचा चेहरा.

"बाबा," ती म्हणाली. "हात कुठंयत?"

"खाली आहेत. आवाज येतोय ना."

"बेतायचं शिकायचं होतं मला! तुम्ही एकदाही हातांवर कॅमेरा धरला नाहीत?"

"हात सारखे हलतात," मिस्त्री म्हणाले. "फोकस राहत नाही. चेहरा कसा, एका जागी असतो. आणि... बोलणाऱ्या माणसाच्या तोंडाकडे बघावं माणसानं."

"ती कात्रीनं बोलते, बाबा!"

बाई आधी खुदकन हसल्या, मग त्यांना हसू आवरेना. त्या मशीनवर डोके टेकून हसल्या, पदर तोंडाला लावून हसल्या. लेकीच्या डोळ्यांत पाणी आले होते, ते मात्र हसण्याचे नव्हते. शनिवार दोन दिवसांवर होता, कापड टेबलावर पडले होते, आणि सात प्लेअर, एक दुभाष्या, एक टब एवढे सगळे झाल्यावर हातात काय आले, तर आईचा चेहरा. तो तर समोरच होता.

तिने चौदावा धडा पुन्हा लावला. निदान आवाज तरी ऐकू. आणि चौथ्या मिनिटाला ती पुढे वाकली. मागे सरकवून पुन्हा पाहिले. मग तिसरा धडा पाहिला, मग सातवा.

"आई," ती म्हणाली. "तू डोळे मिटतेस."

"काय?"

"कात्री चालायच्या आधी. दर वेळी. बघ, ‘इतकंच सोडायचं’ म्हणतेस, डोळे मिटतेस, मग कचकच, मग उघडतेस. ही बघ, बाहीला पण. मुंढ्याला पण. तू कापडाकडे बघतच नाहीस!"

बाई उठल्या. पडद्यापाशी जाऊन त्यांनी मान वळवली, कान जवळजवळ काचेला टेकवला आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून स्वतःकडे पाहिले. "परत लाव," त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, "परत."

"तुम्हाला दिसत होतं हे?" त्यांनी मिस्त्रींना विचारले.

"दिसायचं की. मला वाटलं, माझ्यापुढे बसून कंटाळतेस."

बाई स्टुलावर बसल्या. "त्या डाव्या बाह्या," त्या हळूच म्हणाल्या. "त्या दिवशी मी घाबरून डोळे फाडफाडून कापडाकडे बघत होते."

मग बाईंनी मशीनचा खण ओढला आणि फ्लॅनेलची गुंडाळी बाहेर काढली.

"जा, घड्याळकाकांना बोलावून आण," त्या लेकीला म्हणाल्या.

घड्याळकाका आले, नुसत्या शर्टावर उभे राहिले. बाईंनी त्यांच्या मानेपासून खाली तळवा फिरवला, थांबल्या, पुन्हा फिरवला. मग लेकीचा हात धरून तिचा तळवा तिथे ठेवला.

"काका, श्वास सोडा. हां. लागलं का गं हाताला? हा चढ. आणि इथे उतार सुरू. हा उतार विसरायचा नाही."

मग टेबलावर कापड पसरले. कात्री लेकीच्या हातात, लेकीचा हात बाईंच्या हातात.

"आता डोळे मीट."

"आई, महागाचं कापड आहे हे!"

"म्हणूनच मीट."

"वहिनी," घड्याळकाका म्हणाले, "दोघींनीही मिटायचे का?"

"तुम्हीही मिटा," बाई म्हणाल्या. "बघवणार नाही तुम्हाला."

मिस्त्रींच्या हातात लेकीने आपला फोन दिला होता. "या वेळी हात, बाबा. फक्त हात." त्यांनी सबंध वेळ हातांवरून फोन हलवला नाही, एकदाच, अगदी थोडा, वर गेला होता तो लगेच खाली आला. कात्री खडूच्या एकाही खुणेशिवाय कापडातून वळत गेली. शेवटचा तुकडा सुटला तेव्हा मिस्त्रींनी सवयीने फोनच्या खाली चाचपले. उपटायला काहीच नव्हते. क्षणभर ते गोंधळले. मग आखूड बोटाने त्यांनी लाल बटण दाबले, आणि टिक् आवाज आला तरी बोट उचलायच्या आधी दहापर्यंत मोजले.

शनिवारी घड्याळकाका पाच पायऱ्या चढून व्यासपीठावर गेले. वाकलेलेच गेले. कोटाची खालची कड मात्र मागून, पुढून, सगळीकडून एका रेषेत होती. बाईंना ती दिसली नाही. त्यांनी लेकीला विचारलेही नाही. मिस्त्रींचा श्वास सुटलेला ऐकला, तेवढ्यावर भागले.

रविवारी मिस्त्रींनी नोंदवही काढली. अकरा आणि तेराच्या मधले ‘यंत्राची चूक’ खोडले, आणि तिथे लिहिले: बारा. नऊ मिनिटे. पूर्ण. विषयाचा रकाना त्यांनी रिकामा ठेवला.

दुपारी बाई नेहमीप्रमाणे आतल्या खोलीत पडल्या. पुढच्या खोलीत खुर्ची हळूच सरकली, मग बराच वेळ काहीच ऐकू आले नाही, मग अगदी दबलेल्या आवाजात कुणीतरी कुणाला तरी म्हणाले, "ये गं बाई. इकडे. हां."

चार वाजता बाई उठून बाहेर आल्या. मिस्त्री खिडकीशी बसून लक्षपूर्वक रस्ता बघत होते. बाईंनी उशीवर हात ठेवला. डावीकडे पांढऱ्या, मग राखी, मग निळ्या. काळ्या जरा जास्त.

"लेकीनं ओवून ठेवलेल्या दिसतायत," त्या म्हणाल्या.

"असेल," मिस्त्री रस्त्याकडे बघत म्हणाले. "गुणाची आहे पोरगी."